तेरा ग्रॅम

आधी दोन डबे.
भंगारवाल्या इद्रिसकडून घेतले, रुपयाला एक.
म्हणाला, ताई, इथं विकायला येतात,
घ्यायला आलेल्या तुम्ही पहिल्या.

ऐरोलीच्या गॅलरीत पाटावर बसून
शिवणाच्या कात्रीनं त्यांची बुडं कापली.
कात्री गेली ती गेलीच.
एक बूड दुसऱ्यात सरकवायचं असतं;
सरकत नाही. पत्रा दुमडतो, बोट कापतं.
तिसऱ्या जोडीला जमलं.
मग सुईनं काठाला सोळा भोकं.
बारा पुरतात, पण हात थांबला नाही.

तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं
तराजूच्या काचेसमोर श्वास धरून बसले,
दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत.
कंपनी गेली. तिथं आता बिनखिडक्यांची इमारत
दिवसरात्र गुरगुरते.
सवय तेवढी उरली:
टूथब्रशची दांडी अर्धी,
टॉवेलाऐवजी पंचाचा चतकोर,
सॅकचे लोंबते बंद कापून टाकलेले.
गुडघे म्हणाले, बाई,
यापुढं आमच्याशी ग्रॅममध्ये बोल.

स्पिरिट लालजीभाईंच्या रंगाच्या दुकानातून.
कपाटाला पॉलिश?
नाही, चहाला.
त्यांनी बाटली परत घ्यायला हात पुढं केला.
पिणार नाहीये हो, पेटवणारे.
तरी पैसे मोजताना
त्यांनी माझ्याकडं दोनदा पाहिलं.

खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन त्यात भरलं,
झाकण हेच माप.
तीन झाकणं, अर्धा लिटर पाणी.

पहिली चाचणी गच्चीवर, रात्री.
आधी नुसतीच एक आळशी ज्योत,
मग पत्रा तापला
आणि सोळाही भोकं निळी झाली.
काजळी नाही. आवाज नाही.
आईचा पंपाचा स्टोव्ह सगळ्या चाळीला ओरडून सांगायचा
की यांच्याकडं पाहुणे आलेत.
हा कुणाला काही सांगत नाही.

मार्चात घणसोलीमागचा डोंगर चढले, एकटी.
गवत वाळून कुरकुरीत,
म्हणून उघडा कातळ शोधला, पालापाचोळा हातानं झाडला,
पाणी आधीच बाजूला काढून ठेवलं.
काडी लावली.
आणि काहीच दिसेना.
उन्हात ही ज्योत दिसतच नाही.
पेटलंय की विझलंय?
हाताची मागची बाजू हळूच जवळ नेऊन पाहत होते
तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं.

काय गं बाय, भुताला च्या करतेस?

मोळी उतरवून ती समोर टेकली. नाव चिमी.
वारा खाडीवरून येत होता, पातेल्याखालचं ऊन हलत होतं.
तिनं एकदा पाहिलं, उठली,
पलीकडं जाऊन बसली, वाऱ्याकडं पाठ करून.
माझा पत्र्याचा आडोसा, अठरा ग्रॅम,
पिशवीतच राहिला.

पाणी उकळलं. कप एकच होता,
तिनं पातेल्याच्या झाकणातून घेतला,
साखर कमी आहे म्हणाली. होतीच.

खाली स्टोव्ह अजून जळत होता.
फुंकून विझत नाही, वरून ओतायचं नसतं,
घातलं तेवढं संपेपर्यंत बसायचं.
बसलो.
तिचा धाकटा रबाळ्यात कुठल्याशा गोदामात लागलाय,
बारा तास उभा असतो.
माझं काय सांगू? म्हटलं, मी वजनं करायचे.

निवाल्यावर तिच्या तळहातावर ठेवला.
तिनं हात वर-खाली केला,
जणू त्यात काही ठेवायचं मी विसरले होते.
मग म्हणाली, मोळीला हात लाव जरा.

लावला.
सालं अंगठ्याखाली रुतली, खांदा कळवळला,
ती मानेनं ते घेऊन सरळ उभी राहिली
आणि उतरायला लागली.
किती असेल, मला अंदाज करता येईना.
मला.

वहीत त्या दिवसाची नोंद:
स्टोव्ह तेरा ग्रॅम. स्पिरिट तीन झाकणं.
पाणी सात मिनिटांत.
वारा होता, पण एका पाठीइतका कमी.
पुढच्या वेळी साखर जास्त न्यावी.